सहाव्या दिव्याचा जिना

"सत्त्याण्णव! अरे मेल्या, तीनच टक्के राहिले होते रे..."

हे मी माझ्या फोनला म्हणत होते. फोनवर घरच्या टीव्हीचा मीच काढलेला फोटो होता, आणि टीव्हीवर अडकून पडलेला डाउनलोड. इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात तक्रारीच्या रांगेत उभी होते. बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. माझ्या पुढचा माणूस वळला आणि अगदी सहानुभूतीने म्हणाला, "माझा चौसष्टवर."

मी त्याला विचारलं नव्हतं. शिवाय त्याचे डोळे हसत होते, आणि रांगेत उभं राहून ज्याचे डोळे हसतात त्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

त्याचा नंबर आला. काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय उतरवत होतात?"

"गेम. घरच्या कन्सोलवर."

"केवढा?"

"बासष्ट जीबी."

माझे कान टवकारले. माझाही बासष्टच! मी हळूच मान लांब करून त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यानेही टीव्हीचाच फोटो काढून आणला होता. आणि त्यात... काळ्या पाण्यावर सात दीपगृहांचे दिवे.

हा गेम अजून बाजारात आला नव्हता. यायला दहा दिवस होते. मी एका वेबसाइटसाठी गेमची परीक्षणं लिहिते, म्हणून मला तो आधी मिळाला होता; आणखी अकरा परीक्षकांना मिळाला होता, आणि त्या अकराही जणांना मी तोंडओळखीने तरी ओळखते. हा त्यांच्यातला नव्हता.

मग हा कोण?

"तुम्ही काय करता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कॉम्प्युटरचं काम," तो म्हणाला. जरा थांबून. त्या थांबण्याची मी मनात नोंद करून टाकली.

"कसलं काम?"

"कंटाळवाणं." परत ते हसणारे डोळे. "तुम्ही?"

"माझंही कंटाळवाणंच," मी म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई शाळेत भूगोल शिकवायची. आता निवृत्त झाल्यावर माझ्या शेजारी बसून गेममधल्या बेटांचे नकाशे वहीत काढते. माझ्यापेक्षा तीच जास्त गुंतते. ती म्हणाली, "चोरीची कॉपी असेल. नाहीतर कंपनीचा माणूस असेल, तुला पटवायला पाठवलेला. आपणहून बोलायला येतोय म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट कला येत असणार त्याला."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव चौसष्ट पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लाइन आपोआप चालू झाली. डाउनलोड पूर्ण झाला, आणि दुपारपर्यंत मी दुसऱ्या दीपगृहाशी पोचलेही होते. तरीही मी 'तक्रारीचं काय झालं ते बघायला' पुन्हा त्या ऑफिसच्या बाजूला गेले. आईने काही विचारलं नाही, फक्त भुवई वर केली. ऑफिसशेजारच्या चहाच्या दुकानात चौसष्ट बसलेला होता.

"लाइन सुरू झाली ना?" त्याने विचारलं.

"झाली."

"मग इकडे कशा?"

"चहा प्यायला. तुम्ही?"

"माझं ऑफिस समोरच आहे. वरच्या मजल्यावर." त्याने बोटाने दाखवलं. पाटी नव्हती. पाटी नसलेलं ऑफिस! संशयाच्या खात्यात आणखी एक.

पण चहा आला, आणि बोलणं गेमवर घसरलं, आणि मला मान्य करायला हवं — असं बोलणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. दुसऱ्या दीपगृहावर पाऊस पडतो तेव्हा पत्र्यावरचा आणि पाण्यावरचा थेंब वेगळा वाजतो, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "पत्र्याचा आवाज डावीकडून जास्त येतो. तू डोळे मिटून ऐक, मग कळेल..."

'तू' म्हणून गेला आणि जीभ चावली. कानाच्या पाळ्या लाल.

"चालेल," मी म्हणाले. "मीही 'तू'च म्हणेन. संशयिताला कोणी अहो-जाहो करत नाही."

"संशयित?"

"तुझ्याकडे हा गेम कुठून आला?"

त्याने कप उचलला, परत ठेवला. "चोरलेला नाही. एवढंच सांगू शकतो. बाकीचं... अजून नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

मी उठून जायला हवं होतं. मी आणखी एक चहा सांगितला.

त्यानंतर सहा दिवसांत आम्ही पाच वेळा भेटलो. दुपारी, नेमका तोच चहा, तोच डगमगता बाक. तो माझ्या बाजूला कागदाची घडी ठेवायचा, बाकाच्या पायाखाली, तो हलू नये म्हणून. त्याच्या बाजूने तो हलतच राहायचा. खेळाबद्दल त्याला नको इतकं ठाऊक होतं, पण कोडं कधी फोडत नसे. चौथ्या दीपगृहाचं कुलूप मला दोन दिवस सापडेना, तर नुसता हसत बसला.

"सांग ना!"

"मग तुला मजा काय येणार?"

सगळं गोड चाललं होतं. फक्त एक गोष्ट खुपत होती. निघताना तो दर वेळी, अगदी दर वेळी, विचारायचा, "सहाव्या दिव्यापर्यंत पोचलीस?"

सहाव्याच का? पाचव्याबद्दल नाही, सातव्याबद्दल नाही. मी 'नाही' म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी सुटका आणि काळजी दिसायची. आई म्हणाली, "गोड बोलणाऱ्याने एकच प्रश्न तीनदा विचारला ना, की समजावं, त्याला उत्तर आधीच माहीत आहे."

रविवारी दुपारी मी सहाव्या दीपगृहाचा जिना चढत होते. आईने आतून हाक मारली, "पानं घेतलीत गं!" मी जिन्यावरच थांबले, खेळ सेव्ह केला, कन्सोल बंद केला आणि जेवायला गेले.

सोमवारी सकाळी उघडलं तर काही नव्हतं. एक दिवा नाही, एक बेट नाही. सव्वीस तासांचा खेळ पुसून साफ. 'नवा प्रवास सुरू करा,' एवढंच पडद्यावर. मी ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग बाहेर येऊन आपल्या वहीकडे बघत बसली. तिचे सहा नकाशे होते त्यात.

दुपारी चहाच्या दुकानात शिरले. मी तोंड उघडायच्या आत चौसष्ट उभा राहिला. माझा चेहरा बघून म्हणाला, "गेलं ना सगळं? जिन्यावर सेव्ह केलंस?"

मी पर्स बाकावर आपटली.

"तुला कसं माहीत?"

तो खाली बसला. मग त्याने सांगितलं. तो गेमच्या कंपनीत तपासनीस होता. गेम खेळून खेळून त्यातले दोष शोधायचे, लिहून द्यायचे, हे त्याचं काम. गिऱ्हाइकाला मिळते तशीच प्रत घरी उतरवून बघा असं त्यांना सांगितलं होतं, म्हणून तो त्या रांगेत होता. सहाव्या जिन्यावरचा दोष त्याने सहा वेळा लिहून दिला होता.

"सहाही वेळा वरच्यांनी 'क्वचित घडतं' असा शेरा मारून बंद केला. लोकांचे तासन्‌तास जाणार आहेत गं. कुणीतरी आजारपणात खेळत असेल, कुणी सुट्टीचे चार दिवस मोडून..."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते तुझं परीक्षण राहिलं नसतं. माझी तक्रार झाली असती, तुझ्या नावाने."

"आणि मी आपोआप त्या खड्ड्यात पडावं म्हणून वाट बघत बसलास. रोज विचारत होतास, पडलीस का, पडलीस का!"

त्याने पुढचा कप बाजूला सरकवला.

"एक खरं सांग. त्या रांगेत... मी कोण आहे ते तुला माहीत होतं?"

त्याने खाली बघितलं. "तुझ्या लेखाशेजारी फोटो असतो. मी ते सगळे वाचतो. हो... माहीत होतं."

म्हणजे ते हसणारे डोळे, तो पत्र्यावरचा पाऊस, ती बाकाखालची घडी... सगळं एका परीक्षकाला सहाव्या जिन्यापर्यंत न्यायला? मी पर्स उचलली आणि चालू लागले. मागून त्याने हाक मारली नाही. मारली असती तर मी वळले असते, याचा मला जास्त राग आला.

तीन दिवस मी आणि आई पुन्हा खेळलो. आता रस्ता पाठ होता, आणि आईचे नकाशे होते, म्हणून सव्वीस तासांचं अंतर सात-आठ तासांत कापलं जात होतं. सहाव्या जिन्यावर तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर सेव्ह करून पाहिलं. तिन्ही वेळा सगळं गेलं. मी परीक्षण लिहिलं. चित्रं सुंदर, आवाज अप्रतिम, आणि हा दोष दुरुस्त होईपर्यंत हा गेम विकत घेऊ नका. दहापैकी चार.

गुरुवारी ते वेबसाइटवर आलं. शुक्रवारी संपादकबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या कमी बोलतात. कंपनीचं पत्र त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

कंपनीच्या कुणीतरी आम्हा दोघांना चहाच्या दुकानात पाहिलं होतं. आतली माहिती फोडल्याच्या संशयावरून त्याला घरी बसवलं होतं. पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, ते मी तीनदा वाचलं: 'परीक्षकाने आपल्यावर दबाव आणून माहिती काढून घेतली, असे लिहून दिल्यास कामावर परत घेण्याची तयारी आम्ही दाखवली होती, मात्र सदर कर्मचारी तसे लिहून देण्यास नकार देत आहे.'

"त्याने तुला सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. त्याला माहीत होतं. पण सांगितलं नाही."

"सिद्ध करता येईल?"

मी तिथेच उभी राहून विचार करत होते. नोकरी वाचवायला त्याला फक्त एक ओळ लिहायची होती. माझ्यावर ढकलायचं होतं. मी तर त्याचं तोंडही बघायला तयार नव्हते, माझी बाजू घ्यायचं त्याला काहीच कारण नव्हतं. एवढे दिवस मी त्याच्या प्रत्येक थांबण्याची नोंद ठेवली होती. आणि तो जिथे थांबायचा, तिथे फक्त कंपनीला दिलेला शब्द पाळत होता.

"येईल," मी म्हणाले.

खेळताना कन्सोल चित्रण करून ठेवतो, तारीख-वेळेसकट. आणि मी परीक्षणासाठी मायक्रोफोन नेहमी चालू ठेवते. रविवारचा तुकडा सापडला: मी जिन्यावर, आईची हाक, माझं 'आले आले', सेव्ह. सोमवार सकाळचा तुकडा सापडला: रिकामा पडदा आणि माझ्या शिव्या. तो दोष मला माझा मलाच सापडला होता, आणि तोही जेवायच्या घाईत. तपासनीसाने असा बेत रचायचा म्हटला तर माझ्या आईलाच कटात घ्यावं लागलं असतं.

बाईंनी दोन्ही तुकडे कंपनीला पाठवले. शिव्यांवर म्हणाल्या, "शब्दसंग्रह चांगला आहे."

चार दिवसांनी कंपनीने दोष मान्य केला, दुरुस्ती पाठवली. त्याला परत कामावर घेतल्याचं बाईंकडूनच कळलं. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय म्हणणार? 'माझा संशय चुकला' हे तीन शब्द बोलायला मला जड जातात. लिहायला तेवढे नाही.

म्हणून पुढच्या आठवड्याच्या लेखाखाली मी दोन ओळी जोडल्या. 'या कंपनीचे गेम यापुढे मी तपासणार नाही. ते दुसरे परीक्षक बघतील. कारण वैयक्तिक आहे.'

लेख सकाळी अकराला चढला. साडेबाराला दाराची घंटा वाजली. दार आईने उघडलं. मला आतून ऐकू येत होतं.

"कोण आपण?"

"मी... त्या गेमच्या कंपनीत..."

"चौसष्ट?"

"काय?"

"काही नाही. माझ्या वहीत सहाच नकाशे झाले, सातवा राहिला तुमच्यामुळे."

"मी सातव्याचा काढून देईन, काकू."

दाराशी चपला सरकवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "मी जरा खाली जाऊन येते." आणि छत्री न घेताच गेली.

तो दारातच उभा होता; आमचं घर कुठे ते मीच चहावर बोलता बोलता सांगून बसले होते. केस ओले, हातात फोन, फोनवर माझा लेख.

"कारण वैयक्तिक आहे म्हणजे?" त्याने विचारलं.

"वाचता येत नाही का?"

"येतं. पण तपासनीस आहे मी. खात्री करून घेतो."

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. "आधी मला एक सांग. माझे लेख वाचायचास, मी कोण ते माहीत होतं. मग चहाला रोज... ते कशासाठी?"

"पहिल्या दिवशी दोषासाठी," तो म्हणाला. सरळ, न थांबता. "दुसऱ्या दिवशीपासून नाही. दुसऱ्या दिवशी तू सहावा जिना कधीच चढू नयेस असं वाटायला लागलं. चढलीस की चिडणार, आणि मग येणार नाहीस... म्हणून रोज विचारायचो."

मी त्याच्याकडे बघितलं. डोळे अजिबात हसत नव्हते. घाबरलेले होते.

"वैयक्तिक म्हणजे," मी म्हणाले, "मला तू आवडतोस. आणि जो आवडतो त्याच्या कामाला मला मार्क देता येत नाहीत. धंद्याचा नियम आहे."

"कामाला नको देऊस." त्याचा आवाज बारीक झाला. "मला देता येतील?"

"इतक्यात नाही. पूर्ण बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही."

"किती वेळ लागेल?"

"भरपूर लागेल," मी म्हणाले, आणि दार पुरतं उघडलं. "ओल्या चपला बाहेर काढ. आत ये."