भुंग्याचा सुलट शर्ट

शर्ट सुलट शिवलेला होता!

थोरलीने तो उलटसुलट करून पाहिला. कपाटात, चादरींच्या घडीखाली दडवून ठेवलेला... कॉलरचा, शिवणी आतल्या बाजूला, जगातल्या सगळ्या शर्टांसारखा. पण माप मात्र भुंग्याचं!

भुंग्या तिचा धाकटा भाऊ. त्याला ऑटिझम होता. बोलायचा नाही, पण शिवणयंत्र सुरू झालं की त्याच्या सुरात गुणगुणायचा, म्हणून भुंग्या. अंगाला शिवण टोचली की असा किंचाळायचा, जणू कुणी निखारा ठेवलाय. बाबा शिंपी. ते त्याचे कपडे उलटेच शिवायचे, शिवणी बाहेर, कॉलर नाहीच. "शिंप्याच्या पोराला कपडे घालता येईनात!" म्हणून शेजारी खिदळायचे, बाबांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. मग आता हा शर्ट कुणाला दाखवायला?

गेले कित्येक दिवस घरात काहीतरी शिजत होतं. भुंग्याला परदेशातल्या दवाखान्यात न्यायचं, तिथे पाठीत इंजेक्शनं देतात, पोरं घडाघडा बोलायला लागतात, असं एजंट म्हणाला होता, एक व्हिडिओही पाठवला होता. एवढंच तिला सांगितलं होतं. पण ती खोलीत शिरली की आईबाबा एकदम गप्प! आईचं शिवणयंत्र एक दिवस जागेवरून गायब झालं. "दुरुस्तीला दिलंय," आई नजर न उचलता म्हणाली. दुरुस्तीला? अख्ख्या गल्लीची यंत्रं ठीक करणारे बाबा घरात बसलेले असताना? आणि जाणार आई, बाबा आणि भुंग्या, तिघंच. भुंग्याला आंघोळ घालायची हिने, भरवायचं हिने, त्याच्या कानांवर हात धरून रस्ता ओलांडवायचा हिने, त्याच्यापायी शाळा सोडली हिने... आणि हिलाच मागे ठेवायचं!

ती शर्ट घेऊन तरातरा बाहेर आली.

"आई, जाणार तिघं. परत किती जण येणार, ते सांग."

आई हाताने काजं करत होती. सुई तशीच राहिली. "काय वेड्यासारखं बोलतेस गं!"

"वेडी मी नाही! असला शर्ट तो क्षणभर अंगावर ठेवणार नाही, हे बाबांना माहीत नाही? त्याला नटवून तिथे कुणाच्या गळ्यात मारणार आहात?"

बाबांचा पाय त्यांच्या यंत्राच्या पायट्यावर थबकला. यंत्र थांबलं, भुंग्याचं गुणगुणणंही थांबलं.

"परत येताना घालायचाय तो," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "बरा होऊन येताना."

"खोटं!"

बाबांनी कपाटाच्या तळातून एक गाठोडं काढलं आणि तिच्यापुढे सोडलं. शाळेचा गणवेश... तिच्या आताच्या मापाचा! तिच्या वाळत घातलेल्या ड्रेसवरून तिला नकळत माप घेऊन शिवलेला.

आईचा बांध फुटला. "तुला सोडवायचं होतं गं यातून! तू दप्तर माळ्यावर टाकलंस ना, तेव्हापासून घास गोड लागत नाही मला. तो बरा झाला की तू मोकळी... म्हणून तर मशीन विकलं. सांगितलं असतं तर विकू दिलं असतंस?"

थोरलीच्या हातातला शर्ट निसटून जमिनीवर पडला. कुणावर संशय घेत होते मी... पण मनातला काटा अजून सलत होता. आईबाबा खोटे नव्हते. मग खोटं कोण?

"एजंटाचा तो व्हिडिओ दाखवा."

तो व्हिडिओ पाहून आई कितीदा रडली होती! 'उपचारांआधी' भिंतीवर डोकं आपटणारा मुलगा. 'उपचारांनंतर' तोच मुलगा "आई" म्हणणारा. थोरलीने बोटाने चित्र थांबवलं.

"दात बघा. आधीच्यात पुढचे मोठे दात आलेत. नंतरच्यात दुधाचे आहेत. बाबा, पोर बरं होऊन लहान कसं झालं?"

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग फोन पालथा ठेवला.

"जोड उलटी लावलीय," ते पुटपुटले. "आणि मी शिंपी असून..."

"मग तो मला आई म्हणणारच नाही का?" आईचा तो आर्त स्वर ऐकून थोरलीने तिला घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात भुंग्या पुढे आला. जमिनीवर पडलेला शर्ट त्याने उचलला, बाह्या ओढून ओढून उलटा केला आणि अंगात घातला. कॉलर मानेला लागली तसा कळवळला. पण किंचाळला नाही. बाबांचा हात धरून त्याने आपल्या मानेवर नेऊन ठेवला.

"काढतो रे, राजा," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं." ते छोट्या कात्रीने एकेक टाका उसवू लागले. कॉलर गळून पडली.

थोरलीने गणवेश अंगाला लावून पाहिला. "कमरेत ढगळ शिवलाय," ती नाक ओढत म्हणाली.

"आण इकडे, आत घेतो."

"आणि याला कोण बघणार?"

"सकाळी मी," आई डोळे पुसत म्हणाली. "मशीन गेलंय, हात नाही गेले."

बाबांनी गणवेश सुईखाली सरकवला, पायटा दाबला... आणि भुंग्याने सूर धरला.