निळ्या क्रेफिशचा मारेकरी

बुधवार पेठेतल्या त्या कचेरीत मैना आली, ती बसलीच नाही. टेबलावर हात आपटून म्हणाली, "मला त्या घरात परत काम नगं. माझं नाव तेवढं साफ करून द्या."

खासगी तपास करणाऱ्या मंदाकिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा मदतनीस अनंत सांडलेला चहा पुसू लागला.

वारज्यातल्या एका सोसायटीत मैना धुणीभांडी करायची. तिथल्या श्यामसुंदर नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या काचेच्या टाकीतला निळा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा, सोमवारी मेला. मैनानं टाकीत फिनेल ओतलं, असं ते जिन्यात उभे राहून ओरडले. दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगमधली बाकीची तीन घरंही तिला बंद झाली.

"त्या काचेला मी कधी बोट बी लावलं न्हाई!"

तासाभरात तिघं वारज्याला पोचली. श्यामसुंदरांनी मैनाला दाराबाहेरच थांबवलं. अनंतचं डोकं तापलं.

टाकीच्या तळाशी पाळलेल्या गोगलगायी मरून पडल्या होत्या. वर चार गप्पी मासे खुशाल फिरत होते.

"पाणी कोण बदलतं?" बाईंनी विचारलं.

"मीच. टाकीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दर रविवारी थोडं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून दिवसभर साठवून मगच ओततो. आमच्याकडे अडाणी कारभार नाही."

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कुसुमताई भेटल्या. ओट्यावर तांब्याचं पिंप लखलखत होतं.

"छान घासलंय."

"मैनाचा हात. दर शनिवारी चिंच लावून घासायची. प्यायचं पाणी असतं ना." त्यांचा आवाज चिडका झाला. "साठवणीची बादली तडकून तीन आठवडे झाले. नवी आणा म्हणून माझा घसा बसला. पण ऐकतंय कोण!"

शेजारचे दिगंबर आपल्या दारातच कडाडले. "त्या टाकीच्या पंपाची घरघर भिंतीतून ऐकतोय वर्षभर! मेला ते बरंच झालं. आणि हो, गॅलरीत मी डासांचा फवारा मारतो. माझी गॅलरी आहे."

"हाच तो," अनंत कुजबुजला.

बाईंनी त्याला पाळीव माशांच्या दुकानातून पाणी तपासायचं औषध आणायला पिटाळलं. तो परतल्यावर टाकीतलं पाणी वाटीत घेऊन त्यांनी त्यात थेंब टाकले. पाण्याचा रंग पालटला.

"फिनेल नाही आणि फवाराही नाही," त्या म्हणाल्या. "फिनेलनं आधी मासे मेले असते, आणि डासांच्या फवाऱ्यानं गोगलगायी सहसा मरत नाहीत. मासे जगले, झिंगा आणि गोगलगायी मेल्या. त्यांना तांबं सोसत नाही, आणि या थेंबांनी पाण्यात तांबंच दाखवलंय. बादली तडकल्यावर पाणी कशात साठवलंत, श्यामसुंदरराव?"

ते टाकीची काच पुसू लागले.

"पिंपात," कुसुमताई म्हणाल्या. "शुद्ध पाणी म्हणून."

"चिंचेनं घासलेल्या पिंपातून पाण्यात तांबं आणखी सुटतं. तीन रविवार ते साचत गेलं."

"म्हणजे पिंप घासलं ते हिनंच!" श्यामसुंदरांनी दाराबाहेरच्या मैनाकडे बोट दाखवलं.

अनंतला राहवलं नाही. "प्यायला घासलं होतं, साहेब! टाकीत कुणी ओतलं? कुणालाच हात लावू देत नव्हता ना?"

श्यामसुंदरांनी मान खाली घातली. "चूक झाली. मैना, उद्यापासून ये."

"येत न्हाई. खाली तीन घरं हायती. चला, तिथं सांगा."

पहिल्या दारापाशी ते काहीतरी पुटपुटले. कुसुमताई मागेच उभ्या होत्या.

"मोठ्यानं बोला," त्या म्हणाल्या, "तिला हाकलताना आवाज चांगला खणखणीत होता."