अरुणाबाईंची सात सेकंदं

खोटं वाटलं तर खारघरला या. नंदकिशोरकाकांच्या घरातले फोटो दाखवतो.

गेल्या मेमधला दुसरा रविवार. संध्याकाळचे सहा. आमच्या सोसायटीचा हॉल.

काका तरुणपणी थिएटरात ऑपरेटर. भुतांच्या हवेलीचा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "रंग नाहीत ना, म्हणून अंधार खरा वाटतो!" म्हणायचे. नातीनं, अबोलीनं, तो कुठून तरी मिळवला आणि हॉलमध्ये लावला.

तुटलेलं रीळ कापून जोडणं हे ऑपरेटरचं रोजचं काम. पण काकांनी चांगलं रीळ कापलं होतं. आवडता तुकडा घरी न्यायची मेली खोड! दिवा घेऊन जिना उतरणारी मोलकरीण... फक्त सात सेकंदं.

ती अरुणाबाई. जन्मात पडद्यावर आली ती तेवढीच. लेकीला दाखवायला थिएटरात आली, तर तुकडा गायब!

केबिनच्या दारात हात जोडून उभी राहिली.

"परत जोडा हो. माझं दुसरं काहीच नाही."

काका हसले. "बाई, तुम्ही नसलात तरी पिक्चर चालतो."

महिन्याभरात ती गेली.

हॉलमध्ये पिक्चर लॅपटॉपवरून चालू होता. तरी मागून आवाज आला...

खर्र... खर्र...

रीळ फिरत होतं.

पडद्यावर जिना आला. दिवा घेऊन ती उतरली.

सात सेकंदं झाली. ती थांबली... आणि तिनं थेट काकांकडे बघितलं.

"अबोली, दिसली?"

"कोण आजोबा? जिना रिकामाच आहे की!"

मग काकांच्या कानाशी कात्री चालल्यासारखी...

कच्च.

घरी आले तर त्यांच्या लग्नाच्या फोटोत बायको, मीनाकाकू, एकटीच. शेजारी नुसती भिंत.

काकांनी कपाटातला डबा काढला. जपलेल्या तुकड्यावर जिना होता, बाई नव्हती. काका रडले. "चुकलो गं बाई, माफ कर," म्हणाले.

कच्च.

पुढच्या रविवारी अबोलीच्या बारशाचा फोटो. मांडीवर घेणारा कुणीच नाही.

असे रविवार जात राहिले, आणि भिंतीवरचे काका कमी होत गेले.

परवा ते दूध घेऊन घरी आले. दार अबोलीनं उघडलं.

"कोण पाहिजे, काका?"

आत सगळे हसत-खेळत जेवत होते.

म्हणून हे आजच लिहून ठेवतोय. सकाळी जिन्यात ते भेटले, तर क्षणभर मला त्यांचं नावच आठवेना.