ऐकण्याची खोली

अनाउन्सरबाईंची सगळी नोकरी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत, माइकसमोर गेली. कुठली गाडी लागली, कुठली रखडली, कुणाचं मूल चुकलं, हे अख्खं गाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं. घरी "चहा तयार आहे" म्हटलं तरी नवरा "कुठल्या फलाटावर?" म्हणून विचारायचा. मग नवरा गेला, नोकरी संपली, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. आवाज तेवढा शाबूत राहिला, पण रिकाम्या घरात तो कुणाला ऐकवणार?

गल्लीच्या टोकाला, इस्त्रीच्या दुकानाला लागून सार्वजनिक वाचनालय होतं. पुस्तकं होतीच, पण लोक इतर कामांनाच जास्त यायचे. कुणाला अर्ज भरून हवा असायचा, कुणाला रक्तदाब तपासून, तर कुणाला नुसतंच पंख्याखाली बसायचं असायचं. पोरांना खेळणीसुद्धा घरी न्यायला मिळायची. ग्रंथपाल मोठा हौशी माणूस. बाईंना पाहताच तो म्हणाला, "दृष्टी गेलेल्यांना दुपारी पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. असा खणखणीत आवाज घरात कोंडून ठेवताय, बरं दिसतं का?"

बाईंना तेवढंच निमित्त पुरलं.

वाचनाची खोली मागच्या बाजूला होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, खिडकी एकही नाही. स्प्रिंगचं दार आपसूक मिटायचं आणि मिटलं की बाहेरचे आवाज कात्रीनं कापल्यासारखे तुटायचे. ऐकायला दोघंच यायचे. एक वाद्यं दुरुस्त करणारे काका, ते जन्मापासून आंधळे. दुसऱ्या शिवणबाई, त्यांची नजर सुईत दोरा ओवता ओवता विझत गेलेली.

पहिल्याच दुपारी काका म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं. मागच्या बाईंना नीट पोचत नाहीये."

बाईंनी मान उंचावून पाहिलं. मागे भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या खुर्च्या होत्या. त्यांनी मनात म्हटलं, जन्मभर न दिसणाऱ्या माणसांशीच बोलत आले, त्यात आणखी एक. आणि आवाज चढवला.

पुढे ते रोजचंच झालं. शिवणबाई बसताना कुणाला तरी "सरका हं थोडं" म्हणायच्या. एखादी बातमी संपली की काका मागे कान लावायचे आणि सांगायचे, "पुन्हा वाचा म्हणतायत." बाई पुन्हा वाचायच्या. दोघंही साधी, सरळ माणसं. थट्टा करणाऱ्यातली नव्हेत.

मग घसा बसायला लागला. सकाळी दूधवाल्याशी बोलताना शब्द फाटायचे. काही दिवसांनी नुसती हवा निघू लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "घसा लहान मुलीसारखा स्वच्छ आहे," ते म्हणाले. पण दुपारी त्या खोलीचं दार मिटलं की आवाज पहिल्यासारखा, घंटेसारखा वाजायचा.

लेकीला फोनही आता तिथूनच करावा लागे. बाई वाचनाच्या आधी जाऊन एकट्या बसायच्या.

"आई, दिवस भरत आलेत माझे," लेक म्हणाली. "आता तू ये बाई. मला भीती वाटते."

"येते गं. अशी आले बघ."

"आणि तुझ्याजवळ कोण बसलंय? केवढ्यानं श्वास घेतंय!"

बाईंनी फोन ठेवला. त्यांचा स्वतःचा श्वास तर मघापासून छातीत अडकला होता.

त्या दुपारी पेपर वाचून झाल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "उद्यापासून मी नाही. लेकीकडे चाललेय."

शिवणबाईंनी पदर चाचपत विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"कुणाला?"

"आमचं काय, आम्ही ऐकतो नि घरी जातो. ज्या इथंच बसून राहतात, त्यांना."

बाई उठल्या. पिशवी घेतली. दोघांना 'येते' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून बातमी बाहेर पडली.

पाणीकपातीची बातमी. मघाशी वाचलेली. शब्दाला शब्द.

पेपर टेबलावर घडी घालून पडला होता. बाईंनी ओठ मिटायचा प्रयत्न केला, पण ओठ मिटेनात. हात दाराच्या मुठीवर होता आणि तोंड वाचत होतं.

काका मान खाली घालून ऐकत होते.

बाईंनी खांद्यानं दार ढकललं आणि अंग बाहेर काढलं. दार मागे मिटलं, तसा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

पायरीवर उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. हवासुद्धा हलली नाही.

त्या मागे वळल्या नाहीत. त्याच संध्याकाळी गाडीत बसल्या.

लेकीला मुलगी झाली. बाईंनी नातीला न्हाऊ घातलं, मांडीवर झोपवलं, पाठीवर थापटत ठेका धरला. अंगाई तेवढी म्हणता आली नाही. लेक म्हणायची, "होईल गं बरा आवाज. घाई कसली?" बाई मान डोलवायच्या.

एका दुपारी लेकीचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला. पलीकडे ग्रंथपाल होता.

"आई परत आल्या, तर कळवायचं नाही का?" तो हसत म्हणाला. "मी जेवून येतोय तर खोलीत वाचन सुरू! दार लोटतोय, तर बोटभर उघडतं, पुढे आतून कुणी धरून ठेवलंय."

लेकीनं आईकडे पाहिलं. आई समोर बसून दुपट्याची घडी घालत होती.

"आई इथं आहे," लेक म्हणाली. "माझ्यासमोर."

मग त्यानं फोन दाराच्या फटीला लावला असावा, कारण आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द सुटा. नात झोपेत दचकली आणि आवाजाच्या दिशेनं तिनं मान वळवली.

बातमी संपली. मग तोच आवाज, अगदी हळू, कुणाला तरी विनवत म्हणाला, "आता तरी जाऊ द्या ना मला."

उत्तर फोनवर ऐकू आलं नाही. फक्त पान उलटल्याचा आवाज आला, आणि वाचन पुन्हा सुरू झालं.