चौदाव्या रांगेतला रुमाल

आधीच सांगतो, ही गोष्ट मित्राच्या मित्राची वगैरे नाही. माझी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढचं वाचू नये. पाच वर्षं लोकांना पटवून पटवून मी कंटाळलो आहे.

तारीख २२ जून २००३. वार रविवार. दुपारचे दोन वाजून गेले होते.

हो, दुपारचे. भुताच्या गोष्टी रात्री घडतात हे मलाही माहीत आहे. माझ्या वाट्याला लख्ख ऊन आलं, त्याला मी काय करू?

ठिकाण, ओहायोतल्या एका छोट्या गावाचं बेसबॉलचं मैदान. मी ओहायोतल्याच डब्लिनला राहायचो, तिथून गाडीने पाऊण तास. गावाचं आणि टीमचं नाव लिहीत नाही. तिथे अजून सामने होतात. लोक पोरंबाळं घेऊन येतात.

सेक्शन नऊ, रांग चौदा. खुर्ची नंबर सात माझी.

आणि आठ नंबरची...

तिचंच सांगायचं आहे.

मी देवदत्त, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. डिसेंबर २००२ मध्ये माझं लग्न झालं आणि अठराव्या दिवशी मी एकटाच अमेरिकेत परत आलो. बायको, यामिनी, व्हिसा झाला की मागून येणार होती. वकील म्हणाला मार्चपर्यंत येईल. मार्चमध्ये म्हणाला एप्रिल. एप्रिलमध्ये म्हणाला, फाइल चौकशीत अडकली आहे, किती दिवस लागतील ते कोणीच सांगू शकत नाही. तिकडे यामिनीने कॉलेजातली नोकरी सोडलेली, बॅग भरलेली. रोज कोणीतरी तिला विचारायचं, "अगं, तू अजून इथेच?"

मी फेब्रुवारीतच शहाणपणा करून बसलो होतो. क्रिकेटचं वेड इथे कुठे जिरवायचं म्हणून मी बेसबॉलच्या नादी लागलो होतो. रविवार दुपारच्या बारा सामन्यांची तिकिटं एकदम काढली. दोन-दोन, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. सात माझी, आठ यामिनीची.

पहिला सामना १३ एप्रिलला होता. अंगात दोन स्वेटर घालून बसावं लागेल इतकी थंडी. माझा रूममेट गुरुनाथ, ठाण्याचा, गंमत म्हणून बरोबर आला होता. त्याने दारावर वेगळं तिकीट घेतलं आणि सरळ येऊन आठ नंबरवर बसायला लागला.

"तिथे नको, नऊवर बस," मी म्हटलं. खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला आणि आठ नंबरच्या हाताला बांधला.

"हे काय?"

"यामिनीची जागा आहे."

"अरे, ती नागपूरला आहे."

"म्हणून तर धरून ठेवली."

"देव्या, ही काय एसटी आहे का यार? रुमाल टाकून जागा धरतोयस?"

हसला तो, पण नऊवर बसला. जरा वेळाने म्हातारा वॉल्ट आला. लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचं काम करायचा तो, लाल जाकीट घालून. रुमालाकडे बोट करून त्याने विचारलं, इथे कोणी आहे का?

मी सवयीने बोलून गेलो. "समवन इज कमिंग."

कोण, कधी, काही सांगितलं नाही. नुसतं, कोणीतरी येतंय. पुढे प्रत्येक रविवारी ज्याने विचारलं त्याला मी हेच सांगितलं.

२७ एप्रिलला आमची टीम अकरा-दोनने हरली. वरून पाऊस. त्याच सकाळी वकिलाचा मेल आला होता, आणखी कागद पाठवा म्हणून. मी इतका वैतागलो होतो की सामना संपायच्या आतच तरातरा निघालो. अर्ध्या वाटेवर आठवलं, रुमाल तिथेच राहिला.

टीम त्यानंतर दोन आठवडे बाहेरगावी खेळत होती. मैदान बंद.

दोन आठवडे तो रुमाल त्या रिकाम्या मैदानात बांधलेला होता.

जागा धरून.

११ मेला मी परत गेलो. आठ नंबरच्या हाताला रुमाल नव्हता. वाटलं, झाडणाऱ्याने काढून टाकला असेल.

मग माझ्या खुर्चीकडे लक्ष गेलं...

रुमाल सात नंबरवर ठेवलेला होता. नीट, चार घड्या घालून.

ज्याने कधी एसटीने प्रवास केला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. आपण कोणासाठी रुमाल टाकतो. तो माणूस येतो, रुमाल उचलतो, घडी घालून आपल्या हातात देतो आणि बसतो.

आठ नंबरची खुर्ची खाली होती.

त्या खुर्च्या थिएटरसारख्या. बसलं की खाली, उठलं की स्प्रिंगने खटकन वर. कोणी बसलेलं नसताना खाली राहूच शकत नाहीत. मी ती हाताने वर केली. राहिली वर. मी बसलो, तशी ती परत खाली आली. खटकन नाही... हळू. गुडघे दुखणारा माणूस जपून बसतो तशी.

मी घाबरलो असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला. फाइल अडकलेली, टीम हरतेय, आणि आता खुर्चीही बिघडली. वॉल्टला बोलावलं. त्याने तेल घातलं, दोनदा खटखट करून दाखवली आणि गेला. तो चार पायऱ्या उतरला असेल...

खुर्ची परत खाली.

मी हट्टाने तिच्या हाताला रुमाल बांधला. माझ्या बायकोची जागा आहे, स्प्रिंग गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हटलं. आता वाटतं, तेव्हाच रुमाल खिशात घालून घरी यायला हवं होतं.

आता २२ जून.

बेसबॉलमध्ये इनिंग नऊ असतात, चौथ्या इनिंगला मी भाजलेल्या शेंगांची पिशवी आणली. इकडे सगळे तेच खातात आणि टरफलं पायाशी टाकतात. पिशवी दोन खुर्च्यांच्या मधल्या हातावर ठेवली आणि कॉलिंग कार्डावरून यामिनीला फोन लावला. नागपूरला मध्यरात्र व्हायला आली होती, पण ती जागीच असायची.

"काय करून राहिला?" तिने विचारलं.

"मॅच बघतोय. तुझी जागा धरून ठेवली आहे."

ती नेहमी यावर हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"देव, तुझ्या बाजूला कोण आहे?"

"कोणी नाही."

"शेंगा कोण सोलून राहिलं?"

माझ्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हातात स्कोअर लिहायची पेन्सिल.

मग मलाही ऐकू आलं... टच. जरा थांबून, परत टच.

मी मान वळवली नाही. डोळे फक्त खाली नेले. आठ नंबरच्या पायाशी टरफलांचा छोटा ढीग होता. मी एकही शेंग खाल्ली नव्हती.

"कोणी नाही गं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"सहा महिने झाले मला इथे बसून," यामिनी म्हणाली. "आई म्हणते नोकरी शोध परत. मी म्हणते नाही, तो वाट बघून राहिला. आणि तू तिथे कोणाला घेऊन बसला आहेस, तेवढं तरी खरं सांग."

"शपथ सांगतो, यामिनी..."

फोन कट झाला. कार्ड संपलं की तिने ठेवला, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

सातव्या इनिंगच्या मध्ये सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, ही इथली पद्धत. मी उभा राहिलो. माझी खुर्ची खटकन वर गेली.

शेजारून दुसरं खटकन ऐकू आलं.

गाणं संपलं. मी बसलो... आठ नंबरची खुर्ची हळूच खाली आली.

मी निघून आलो. खुर्चीला बांधलेला रुमाल तेवढा सोडवून घेतला आणि दारातल्या कचऱ्याच्या पिंपात फेकला.

६ जुलैला मुद्दाम गेलो. भ्यायचं कशाला, तिकीट माझं आहे, या तोऱ्यात. रुमाल नाही, काही नाही. समोरून एक बाई मुलीला घेऊन आली आणि आठ नंबरकडे वळली. मी तोंड उघडायच्या आत वॉल्टने तिला अडवलं. इथे बसले आहेत ना, दिसत नाही का, असं म्हणाला. ती बाई गोंधळून पुढे गेली.

"वॉल्ट, कोण बसलंय?" मी विचारलं.

वॉल्टने माझ्याकडे विचित्र पाहिलं. म्हणाला, तुमच्याच बरोबरचे ना? हल्ली तुमच्या आधीच येऊन बसतात.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. गुरुनाथला सगळं सांगितलं. "बायको येईपर्यंत वेडा होणार तू," एवढंच म्हणाला तो. उरलेली तिकिटं ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

ऑगस्टमध्ये एकाएकी व्हिसा झाला. २७ तारखेला यामिनी आली. त्या फोनचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

शनिवारी ती घर लावत होती. ड्रॉवर उघडून म्हणाली, "ही माझी तिकिटं? तू तर म्हणालास एकही वापरलं नाही."

मी जाऊन बघितलं. दारावर तिकिटाचा कोपरा फाडून घेतात. मी दर वेळी फक्त माझंच फाडून घ्यायचो. तिची मी तशीच, अख्खी, जपून घरी आणली होती.

१३ एप्रिलचं अख्खं. २७ एप्रिलचं अख्खं.

११ मेपासूनची सगळी फाटलेली होती.

मी गेलोच नाही त्या रविवारांचीसुद्धा.

फक्त शेवटचं, दुसऱ्या दिवसाचं, ३१ ऑगस्टचं तिकीट शाबूत होतं. मग मी तिला सगळं सांगितलं, शेंगांपर्यंत. वाटलं, रडेल. तिने ते तिकीट उचलून पर्समध्ये ठेवलं.

"उद्या जाऊ," म्हणाली. "माझी जागा आहे ती."

गेलो. आठ नंबरची खुर्ची वर होती. यामिनीने ती खाली केली, बसली. मी श्वास रोखून बघत होतो.

"काही जाणवतंय?"

"काही नाही." ती हसली आणि माझा हात धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. तिला मी खेळ समजावत होतो, ती मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारत होती. मला वाटलं, संपलं सगळं.

तिसऱ्या इनिंगला आमच्या एका खेळाडूने चेंडू पार कुंपणाबाहेर मारला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. आम्हीही उठलो. सगळ्या खुर्च्या खटाखट वर गेल्या. मग टाळ्या थांबल्या, लोक बसले, मी बसलो.

यामिनी उभीच होती.

"बस ना."

"कुठे बसू?"

ती खुर्चीला टेकलेलीही नव्हती. खुर्ची खाली होती...

"मी दुसरी जागा बघतो," मी म्हटलं. "त्याला उठवू आपण. काहीतरी करू. तुझं तिकीट आहे."

"आपल्याकडे बसलेल्याला उठवत नाहीत, देव," यामिनी म्हणाली. "चल."

आम्ही निघालो. त्या दिवशी टीम जिंकली, हे मला सोमवारच्या पेपरात कळलं. मी पाहिलेल्या एकाही सामन्यात जिंकली नव्हती. सामना अजून सुरूच होता, तेव्हा मी पार्किंग लॉटमध्ये गाडीचं कुलूप उघडत होतो.

यामिनीने पुढचा दरवाजा उघडला. उघडून तशीच थांबली. मग तो हळूच लावला आणि मागे जाऊन बसली.

मी वाकून आत बघितलं. माझ्या शेजारच्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता.

चार घड्या घातलेला.

याला पाच वर्षं झाली. तो रुमाल मी जाळला. गाडी विकली. डब्लिन सोडून आम्ही दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला आलो. पण यामिनी आजपर्यंत गाडीत माझ्या शेजारी बसलेली नाही. लोक हसतात, देवदत्तला बायकोने ड्रायव्हर केलंय म्हणतात. पूर्वी मी चिडायचो. एकदा तिच्यावरही चिडलो, नुसतं बसून तरी बघ म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "तू जागा धरली होतीस. मलाच यायला उशीर झाला." आठ महिने मी तिची वाट बघितली, आणि ती आल्यावर मी तिला माझ्या शेजारी बसवू शकत नाही.

गेल्या महिन्यात नवी गाडी घेतली. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ती टिंग टिंग करते. आमची पहिल्या दिवसापासून करते. सीट रिकामी असते. तीनदा दाखवून आणली, सगळं ठीक आहे म्हणतात. वाद घालायची ताकद उरली नाही. म्हणून मीच रोज निघताना हात लांब करून त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावतो. मग आवाज थांबतो.

परवा सकाळी आमच्या रेणूला शाळेत सोडायला निघालो. चार वर्षांची आहे ती. यामिनी तिला घेऊन मागे बसली. मी सवयीने पट्टा लावायला हात पुढे केला...

पट्टा लावलेला होता.

मी आरशातून मागे बघितलं. यामिनीने ते पाहिलं होतं. तिने रेणूला जरा आणखी जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."