सतरा नंबरच्या खुर्चीची ऊब

अक्षदा परबला सतरा नंबरची खुर्ची मिळाली, ती केवळ दुसरी रिकामी नव्हती म्हणून. घोडपदेवच्या विहारामागची ती अभ्यासिका म्हणजे चाळीस खुर्च्या, आणि एक उठला की दुसरा बसायला टपलेलाच. तरी सतरा नंबर कोणी घेत नव्हतं. का, ते आत पाऊल टाकल्याबरोबर कळत होतं. खुर्चीच्या अगदी वर भिंतीवर एका तरुणाची तसबीर होती, खाली 'हितेंद्र तांबे' असं नाव, आणि तसबिरीला चंदनाचा हार.

आता हार घातलेल्या फोटोबद्दल आपल्याकडे कोण चौकशी करतं? नजर खाली घालायची आणि पुढे सरकायचं. शिवाय अभ्यासिकेतली मुलं दर वर्षी बदलतात. जुनं सांगणारं कोणी उरत नाही.

अक्षदाला मात्र नाक मुरडायची सोय नव्हती. चिंचपोकळीच्या एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही, तिथे कसला अभ्यास! मागच्या वर्षी लॉच्या प्रवेश परीक्षेत ती आपटली होती. उतारा शेवटपर्यंत वाचायची, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून साफ. यंदाच्या परीक्षेला दोन महिने होते. परीक्षा झाली की खुर्ची दुसऱ्याला द्यायची, हा इथला नियम. मोबाइल दाराजवळच्या खणात ठेवायचा आणि तोंड बंद, हा दुसरा.

कपाटात तर्कशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं. पहिल्या पानावर तिरक्या, बारीक अक्षरात 'अभ्यासिकेस भेट — हितेंद्र तांबे'. तिने ते घेतलं, सवयीप्रमाणे पेन्सिलीने अख्खा उतारा अधोरेखित केला आणि पुस्तक टेबलावरच ठेवून रात्री घरी गेली.

सकाळी सातला झाडलोट करणाऱ्या गंगुबाईने दार उघडलं. पहिली आत शिरली ती अक्षदाच. पुस्तक उघडलं... आणि समासात तेच तिरकं अक्षर.

'सगळंच अधोरेखित केलंस, म्हणजे काहीच केलं नाहीस.'

तिने मान वर केली. हारातला मुलगा तिच्याकडेच बघत होता.

"उठ तिथून," शेजारच्या खुर्चीवरची दर्शना कुजबुजली. ती जूनमध्ये आलेली, म्हणजे इथली त्यातल्या त्यात जुनी. "म्हणूनच मी नाही बसले तिथे."

अक्षदा उठली नाही. आधी दुसरी खुर्ची नव्हती म्हणून, आणि मग... खरं सांगायचं तर, राग आला म्हणून. मेला तो मेला, वर शहाणपण शिकवतो? तिने खाली लिहिलं, 'मग काय करू?'

दुसऱ्या सकाळी उत्तर तयार होतं. 'एक परिच्छेद वाच. पुस्तक मिट. लेखक काय म्हणाला ते एका ओळीत लिही. जमलं नाही, तर तू वाचलंच नाहीस, नुसते डोळे फिरवलेस.'

जमलं नाही. चौथ्या दिवशी जमलं. समासात उमटलं, 'आता त्याला विचार — कशावरून? लेखक छापला गेला म्हणून खरा होत नाही.'

असं ते सुरू झालं. रात्री ती लिहून ठेवायची, सकाळी उत्तर. 'निष्कर्ष शोध. कारणं वेगळी काढ. आणि न सांगता काय गृहीत धरलंय, तिथे बोट ठेव. लबाडी तिथेच असते.' ती बोट ठेवायला शिकली. पूर्वी दहा मिनिटांत उडणारं लक्ष आता तासभर एका जागी राहू लागलं. अहो, राहील नाहीतर काय! पलीकडे वाचणारं कोणीतरी होतं ना.

पण भीती होतीच. एका सकाळी लिहिलेलं सापडलं, 'पान बेचाळीसवर रडलीस काल. एवढा कठीण नाहीये तो उतारा.' काल ती खरंच रडली होती, तोंडावर ओढणी धरून, कोणाला दिसू न देता. दुसऱ्या दिवशी, 'डावखुरी आहेस तू. मला डावखुऱ्या मुली आवडतात.' तिच्या मानेवर काटा आला, आणि गालांना मात्र भलतंच काहीतरी झालं.

तिने लिहिलं, 'किती डावखुऱ्या मुली ओळखतोस?'

'एक. त्यावरून सगळ्यांबद्दल बोललो. चूक सापडली का?'

'सापडली. माफ केली नाही.'

घरी आई तिच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "गो, तुझो रंग खंय गेलो? कोणी झपाटल्यान काय तुका?" अक्षदा हसली आणि कुशीवर वळली. झपाटलंच होतं. फोटोतल्या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिने त्या रात्री स्वतःशी कबूल केलं आणि उशीत तोंड खुपसून रडली. परीक्षेला आठ दिवस होते. परीक्षा संपली की खुर्ची जाणार, अक्षरं थांबणार. ज्याला कधी भेटताच येणार नाही, त्याचा निरोप घ्यायचा कसा?

म्हणून तिने विचारलं, 'तू कोण आहेस?'

सकाळी उत्तर, 'तू मला कोण समजतेस? कशावरून?'

तिने प्रामाणिकपणे वही काढली. निष्कर्ष: हितेंद्र तांबे या जगात नाही. पुरावा: फोटोला हार. आणि काय? ती पेन्सिल चावत बसली. आणखी काहीच नव्हतं. कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिने कोणाला विचारलं नव्हतं. मग गृहीत काय धरलं? हार फक्त गेलेल्यालाच घालतात. कशावरून?

आणि तेव्हा तिला ती गोष्ट आठवली, जिच्याबद्दल विचार करायलाही ती घाबरत होती. रोज सकाळी सात वाजता, तिच्याआधी कोणी आलेलं नसताना, सतरा नंबरची खुर्ची ऊबदार असायची. इतके दिवस तिच्या अंगावर शहारा यायचा. आज तिने तो शहारा बाजूला ठेवला. ऊब यायला अंग लागतं. म्हणजे कोणीतरी येतं. पण कोण? हितेंद्र, की त्याच्या अक्षराची नक्कल करणारा कोणी टवाळ? हा दुसरा विचार भुतापेक्षाही वाईट होता.

दुसऱ्या दिवशी ती सहालाच आली. पुढचं दार बंद होतं. अभ्यासिकेला वळसा घालून ती मागच्या बोळात शिरली. मोरीचं दार लोटलेलं, आत एकच ट्यूबलाइट फडफडत होती. तिने डोकावलं... तसबिरीतला माणूस तसबिरीखाली बसला होता. त्याच भुवया, तीच हनुवटी. फक्त गाल बसलेले, आणि दाढी वाढलेली. वर हार, खाली तो, आणि हातात तिचं पुस्तक.

पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही.

"हात दे," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. खुर्ची पडली. "तू... सात वाजता येतेस ना?"

"हात दे आधी."

त्याने हात पुढे केला. ऊबदार होता, पेन्सिलीने काळवंडलेला. तिने तो घट्ट धरला आणि तिला रडू फुटलं.

"अगं, काय झालं?"

"दोन महिने मी तुला मेलेला समजतेय."

त्याने गोंधळून वर बघितलं. हार जणू त्याने आज पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्यात गंगुबाई झाडू घेऊन आत आली. "तो सत्काराचा हार हाय गं," ती निवांतपणे म्हणाली. "राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पास झाला, तेव्हा अभ्यासिकेच्या मंडळाने फोटो लावला, हार घातला. चंदनाचा हार, फेकायचा कसा? मीच ठेवला टांगून."

"आणि मी रडले ते तुला कसं कळलं?" अक्षदाने हितेंद्रला विचारलं.

"मुलगी बसते, नाव अक्षदा, एवढं गंगुमावशीने सांगितलं होतं. बाकी, कागद फुगला होता. चार ठिकाणी. आणि डाव्या हाताने लिहिताना अक्षरं पुसत जातात." तो ओशाळला. "तर्क आहे गं. जादू नाही."

"मग समोर का नाही आलास?"

त्याने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. "मुख्य परीक्षेत दोनदा पडलो. आता कॉटन ग्रीनला गोदामात माल उतरवून घेतो, आठची पाळी. फोटोखाली 'आमचा अभिमान' लिहिलं होतं, ते मीच खरवडलं. सीतारामकाका, मंडळाची माणसं... कोणाला तोंड दाखवू? गंगुमावशी पहाटे घेते आत. सात वाजायच्या आत मी मागच्या दाराने जातो."

"म्हणजे सगळ्यांनी तुला नालायक ठरवलंय."

"हो."

"कोणी म्हणालं तसं?"

त्याने फोटोखालच्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"कशावरून, हितेंद्र?" ती हळूच म्हणाली. "बघ, मी तुला मेलेला मानलं होतं, तेव्हाही तू मला आवडत होतास. तेव्हा सोपं होतं रे. आता तू जिवंत आहेस, आणि मागच्या दाराने जाणारा माणूस मला नकोय. थांब ना. सातपर्यंत थांब."

बाहेर कोणीतरी चपला काढत होतं. हितेंद्रची नजर मोरीच्या दाराकडे गेली. अक्षदाने हात सोडला. धरून ठेवलेला माणूस थांबला असं म्हणता येत नाही, एवढं तिला आता कळत होतं.

सात वाजले. मंडळाचे सीतारामकाका चष्मा पुसत आत आले, मागोमाग मुलं. हितेंद्र खुर्चीजवळ उभा होता, चेहरा पांढराफटक. दर्शनाने त्याच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि ती मटकन खाली बसली. काकांनी चष्मा लावला.

"हितू?" ते म्हणाले. "होतास कुठे दोन वर्षं? या पोरांना तर्क शिकवायला माणूस मिळेना म्हणून हिंडतोय मी सगळ्या घोडपदेवात. बस. चहा मागवतो."

एवढंच. दोन वर्षं ज्याला घाबरून तो पहाटे चोरासारखा येत होता, ते एवढंच होतं. हितेंद्रचे डोळे भरून आले. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, समास शोधला आणि लिहायला वाकला.

अक्षदाने पुस्तकावर हात ठेवला. "लिहू नकोस. बोल."

"इथे बोलायचं नसतं," तो कुजबुजला.

"माहितीये."

त्याने आजूबाजूला बघितलं. माना पुस्तकांत गेल्या होत्या, पंखे फिरत होते. "तू मला फार आवडतेस, अक्षदा," तो म्हणाला. दोन वर्षं गोदामात ओरडून बोलायची सवय झालेल्या माणसाला आवाजाचा अंदाज कुठून असणार, तो चांगला खणखणीत लागला.

"शूऽऽ," अख्खी अभ्यासिका म्हणाली.