एकही भोक ठेवणार नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय.

रविवारची सकाळ होती. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नुकतंच भाड्याने घेतलेलं घर. तो, त्याची बायको, त्यांची सहा वर्षांची लेक चिमणी आणि माझी मावशी.

भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला. घरात मात्र सगळे त्याला 'मिस्त्री' म्हणतात, चेष्टेने. हा बल्ब बदलायला स्टुलावर चढला की अख्खी वायरिंग खाली येते.

त्या दिवशी हॉलच्या भिंतीतला एक जुना खिळा निघाला. वाटाण्याएवढं भोक पडलं.

"राहू दे ना," बायको म्हणाली. "मी वर कॅलेंडर लावते."

"छे! पाच मिनिटांचं काम आहे."

सिंकखाली आधीच्या भाडेकरूचा पुट्टीचा डबा सापडला. अर्धा, पण अजून ओला. फुकट ते पौष्टिक! मिस्त्रीने बोटभर पुट्टी भोकात दाबली...

भोकाने ती गिळली.

पुन्हा भरली. पुन्हा आत. बायको पलीकडच्या खोलीत जाऊन पाहून आली. तिकडे काहीच आलं नव्हतं.

दुपार झाली तरी हा भरतोच आहे. जेवण गार झालं. बायकोला हसू आवरेना.

"काय हो, तुमच्याऐवजी भिंतच जेवतेय की!"

झालं! साहेब भडकले. डबा आपटून ओरडले, "आता बघच! माझ्या घरात एकही भोक शिल्लक ठेवणार नाही!"

मावशी आतून म्हणाली, "असं भलतंसलतं बोलू नये रे. वास्तू तथास्तु म्हणते."

तो हसला. पुढचं बोट भरलं...

आणि भोक बुजलं. पहिल्याच फटक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधले सगळे फोटो जमिनीवर होते. पडलेले नाहीत, ओळीने ठेवलेले. शेजारी त्यांचे खिळे.

भिंत गुळगुळीत. एकही भोक नाही.

"आई, हे तू केलंस?"

"या गुडघ्यांनी मी स्टुलावर चढते होय रे?"

खरं सांगू? त्याला बरंच वाटलं. आयतं काम झालं म्हणून.

मग बेडरूमच्या कुलपाचं भोक बुजलं. मग स्विचबोर्डाची. मग बेसिनचं. पाणी तुंबून फरशीवर आलं तेव्हा बायको रडकुंडीला आली. हा दिवसभर खरवडायचा, आणि सकाळी सगळं पुन्हा भरलेलं. पुट्टीचा डबा त्याने केव्हाच कचऱ्यात फेकला होता.

भोकं बुजतच होती...

शनिवारी सकाळी चिमणी उठून आली. "आई, माझा डूल पडला."

डूल उशीवर होता. फिरकी तशीच घट्ट बसलेली. बायकोने तो परत घालायला चिमणीच्या कानाची पाळी चाचपली...

भोक नव्हतं.

वण नाही, खूण नाही. जणू कान कधी टोचलाच नव्हता.

मिस्त्रीची नजर पोरीच्या नाकाकडे गेली. बायकोचीही तिथेच गेली.

"चला," तो म्हणाला. "आहात तसे. आत्ता."

पण दार...

दाराला फटच उरली नव्हती. पल्ला आणि चौकट मिळून एकच पांढरी भिंत झाली होती. खिडक्यांचंही तेच. हवा कोंदायला लागली. मावशीला धाप लागली. त्याने हातोडा घातला. टवके उडाले, पण मागे पुन्हा पांढरंच. जितकं फोडावं तितकं ते जाड होत होतं.

त्याने मला फोन केला.

"ताई, पळत ये. आम्हाला कोंडलंय."

"कोणी रे?"

मागे चिमणी रडत होती.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. अनवाणी धावले. दारापाशी पोचले तर आतून हातोड्याचा आवाज नाही, रडणं नाही. चिडीचूप.

मी दार ढकललं...

ते नेहमीसारखं उघडलं.

चौघं समोर उभी होती. कोपरापर्यंत पांढरी. पोरीला त्याने छातीशी आवळून धरलं होतं. मी दाराची आतली बाजू पाहिली. हातोड्याचा एकही घाव नव्हता. कुलपाचं भोक बाहेरून होतं, आतून नव्हतं.

ते घर त्यांनी त्याच दिवशी सोडलं. नव्या घरात गेल्या गेल्या मिस्त्रीने प्रत्येक भिंतीत खिळे ठोकले, उपटले आणि भोकं तशीच ठेवली. मावशीने त्याला भिंतीसमोर उभं करून शब्द मागे घ्यायला लावला. बिचाऱ्याने हात जोडले. "माझं चुकलं. राहू देत भोकं."

तथास्तु म्हणालं की नाही कोणी, देव जाणे.

काल त्याचा फोन आला. आवाज मुद्दाम साधा ठेवलेला.

"ताई, चिमणीची एक नाकपुडी बंद आहे. सर्दीच असेल ना गं?"

"नाक वाहतंय का?"

त्याने तिकडे चिमणीला नाक शिंकरायला लावलं.

"नाही. नुसतं बंद आहे."

मी म्हटलं, सर्दीच असेल रे, वाफ दे, आणि लगेच डॉक्टरकडे ने. दुसरं काय म्हणणार? 'माझ्या घरात' असं म्हणाला होता तो. आणि हेही घर त्याचंच की.

भिंतीतली भोकं अजून आहेत का, हे विचारायचं मात्र माझं धाडस झालं नाही.